वही, काटा आणि बोलका डबा

मुरुडला जाऊन आलो असे सांगितले की पुण्या-मुंबईकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "समुद्र कसा आहे?" त्या बिचाऱ्याचा दोष नाही. एक मुरुड जंजिऱ्याच्या किल्ल्याचे, दुसरे दापोलीजवळचे, महर्षी कर्व्यांचे. दोन्ही मुरुडांना समुद्र आहे, नारळी-पोफळी आहेत, आणि हल्ली पाहुण्यांची ऊठबसही पुष्कळ आहे. मी गेलो होतो ते तिसरे मुरुड. लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. तिथे समुद्र नाही. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याच मुलखातले हे गाव. हवा पालटायला इथे कोणी येत नाही. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे येतात ती बाजाराला, आणि मीही एका अर्थी बाजारालाच गेलो होतो.

झाले असे, की माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. मराठी घेऊन हा मुलगा बी. ए. झाला आणि वडिलांच्या किराणा दुकानात बसला. त्यात आश्चर्य नाही. मराठी घेऊन दुसरे काय करावे हे आम्ही वर्गात कुठे शिकवतो? तो म्हणाला, "सर, दिवाळीच्या आत एकदा येऊन जा. अण्णांना तुम्हीच दोन शब्द सांगा. ते मशिनला हात लावू देत नाहीत." मी म्हटले, "अरे, मला यंत्रातले काय कळते?" तो म्हणाला, "तुम्ही सांगितलेलं त्यांना कळतं." शिक्षकाला खूश करायला एवढे वाक्य पुरते. दसरा झाल्यावरच्या पहिल्या सुट्टीला मी लातूरच्या स्टँडवर एस. टी.त बसलो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली रिकामी काळी रानं दिसत होती. कुठे मळणीयंत्राचा धुरळा, कुठे ताडपत्रीखाली झाकलेली रास. तूर अजून हिरवी उभी होती. सोयाबीन विकले की या भागात पैसा हलतो. दिवाळीच्या पणत्या खऱ्या अर्थाने त्याच तेलावर पेटतात.

दुकान बाजारपेठेतच आहे. पुढे पत्र्याची पडवी, गुळाच्या ढेपी, तेलाचे डबे, वरून लोंबणाऱ्या शाम्पूच्या माळा. गादीवर अण्णा बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा नवा चष्मा. शेजारी एका मळक्या फडक्याखाली झाकून ठेवलेला संगणक होता. घरात मयत झाल्यावर आरसा झाकतात, तसा तो मला दिसला.

"या सर, बसा. चहा घ्या की," अण्णा म्हणाले. मुलाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. बापलेकांत बोलणे होते ते गिऱ्हाइकापुरते.

चहा झाल्यावर हकीकत कळली. तीन वर्षांपूर्वी मुलाने संगणक आणला, त्यात हिशेबाचा प्रोग्रॅम घातला. अण्णा मनातून राजी नव्हते. पण पोराचे मन मोडायचे नाही म्हणून गप्प राहिले, आणि रोज रात्री आपल्या लाल वहीत सगळे पुन्हा उतरून ठेवू लागले. गेल्या फाल्गुनात डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. मुलगा म्हणाला, "आता डोळे शिणवू नका, सगळं मशिनमध्ये आहे." वही बंद झाली. होळीपासून मृगापर्यंतची उधारी, म्हणजे ऐन लग्नसराईची उधारी, एकट्या संगणकात राहिली. आणि मृगाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली, तारेतून दाब आला, संगणक जळाला. ज्या माणसाने प्रोग्रॅम विकला होता त्याने, सगळा हिशेब 'क्लाउड'मध्ये म्हणजे ढगात जपून राहतो, असे सांगितले होते. ढगात काहीच नव्हते. ढगातून आली ती फक्त वीज.

शहरातल्या वाचकाला उधारी म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. मृग लागला की शेतकऱ्याचा हातातला पैसा बियाण्याखतात जातो. त्यानंतर सोयाबीन बाजारात जाईपर्यंत घरातली साखर, चहापत्ती, तेल, मीठ हे सगळे दुकानदाराच्या वहीवर चालते. कागदावर सही नसते, तारण नसते. वहीतली एक ओळ, एवढाच काय तो करार. ती ओळ गेली म्हणजे दोन घरांमधला शब्द गेला.

"मग काय केलंत?" मी विचारले.

"काय करावं? घरोघर गेलो," अण्णा म्हणाले. "साठ-सत्तर घरं. दारात उभं राहून विचारलं, आमचं तुमच्याकडं किती निघतंय, सांगा बाबा."

बहुतेकांनी खरे सांगितले. कोणी चिठोऱ्या काढून दाखवल्या. एका बाईने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा दाखवल्या. एक रेघ म्हणजे एक किलो साखर. काहींनी "आमचं तर काहीच नाही" म्हणून हात झटकले. तीसेक हजार बुडाले असावेत. पण अण्णांना टोचत होते ते वेगळेच. "सर, पन्नास वर्षं लोक आमच्या वहीत आपला हिशेब बघायला आले. औंदा आम्ही आमचा हिशेब लोकांना विचारत हिंडलो."

मुलगा खाली मान घालून वजन करत होता. त्याचे म्हणणे असे, की चूक यंत्राची नाही. यंत्र हलके होते. आता कर्ज काढून दीड लाखाचे चांगले सामान आणायचे: नवा संगणक, बिल छापणारे यंत्र, पट्ट्या वाचणारी बंदूक, चार कॅमेरे. अण्णांचे म्हणणे, उंबऱ्याच्या आत आता यंत्र नको. लक्ष्मीपूजनाला पाटावर काय मांडायचे, हासुद्धा वादच होता.

मी तेवढ्यापुरता निवाडा टाळला आणि "जरा बाजार बघून येतो" म्हणून मुलाला घेऊन बाहेर पडलो. बाजाराचा दिवस होता. हल्ली खेड्यातला बाजार नुसता दिसत नाही, बोलतोसुद्धा. चहाच्या टपरीवर, वडापावच्या गाड्यावर, चपला शिवणाऱ्याच्या पेटीवर छोटे डबे ठेवलेले असतात. पैसे आले की तो डबा आकडा ओरडून सांगतो. चौकोनी नक्षीच्या कागदाला लोक 'स्कॅनर' म्हणतात. खरे म्हणजे स्कॅन करतो तो गिऱ्हाइकाचा फोन. पण भाषेचा हिशेब बाजार आपल्या पद्धतीने ठेवतो, मास्तरांनी त्यात पडू नये.

ही यूपीआयची पद्धत एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि लोकांना तिची गरज भासू लागली. गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून असे पैसे आले तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून त्याबद्दल कपात घेता येत नाही. बोलक्या डब्याचे भाडे मात्र वेगळे असते, ते विचारून घ्यावे. टपरीवाल्याने मला त्या डब्याचा खरा उपयोग सांगितला. गर्दीत एखादा पोरगा फोनवर 'पैसे गेले' असे चित्र दाखवतो आणि निघून जातो. चित्र खोटे किंवा कालचे असते. "म्हणून सर, चित्र बघायचं नाही. डबा बोलला तर पैसे आले." आणि रोज सकाळी तो आपला कागद फडक्याने पुसून, स्वतःच्या फोनने एकदा तपासतो, रात्रीत कोणी त्यावर दुसराच कागद चिकटवला तर दिवसभराची कमाई भलत्याच खात्यात जायची.

पुढे कोथिंबीर-मेथी घेऊन एक म्हातारी बसली होती. तिच्यापुढेही कागद होता. मुलाने विचारले, "मावशी, धंदा बरा चाललाय की!"

"धंदा चाललाय बाबा," ती म्हणाली, "पर पैसं कुठं दिसत्यात? कागद नातवाचा हाय. तो ऱ्हातो पुण्याला. हितं भाजी मी विकते, पैसं तिकडं जात्यात. मागितले की देतो, नाही असं नाही. पर मागावं लागतंय."

मला त्या एका वाक्याने दुकानातले अण्णा आठवले. एकाला आपला हिशेब लोकांना विचारावा लागला, दुसरीला आपला पैसा नातवाला मागावा लागतो. यंत्र दोन्हीकडे उत्तम चालत होते किंवा मोडले होते, हा प्रश्नच नव्हता. हिशेब कोणाच्या हातात राहिला, हा प्रश्न होता. मुलाला मी तिथेच म्हटले, "हिच्या नावाचे खाते बँकेत असेल ना? त्या खात्याचा कागद करून दे. पासबुक हिच्याजवळ राहू दे." त्याने नंतर ते करून दिले, हे इथेच सांगून टाकतो.

परत आलो तेव्हा दुकानात गर्दी होती. अण्णांच्या घरातली दोन लहान मुले भोवती घोटाळत होती, त्यांना मी बिस्किटांचे दोन पुडे घेतले. अण्णा पैसे घेईनात. "सरांकडून पैसे? काय बोलता!" मी तो विषय वाढवला नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी अण्णांना जुन्या गोष्टींवर आणले. मुरुड पूर्वी निजामाच्या राज्यात, आणि पलीकडची बार्शी इंग्रजी मुलखात. निजामाचे नाणे हाली, इंग्रजांचे कलदार. इकडचा माल तिकडे गेला की वाटेत करोडगिरीचे नाके, आणि पैशाला बट्टा. हैदराबाद १९४८ मध्ये मुक्त झाले. पुढे सात हालींना सहा भारतीय रुपये असा भाव ठरला, आणि १९५९ मध्ये हाली नाणे चलनातून गेले. तोवर १ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन नवे पैसे आले होते. सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले. ते अंगवळणी पडते न पडते तोच शेर जाऊन किलो आला. १९५८ पासून सुरू झालेला हा बदल १९६२ पर्यंत देशभर पुरा झाला.

"आमच्या वडिलांनी काय केलं सांगू?" अण्णा खुलले. "भिंतीवर खडूनं कोष्टक लिहिलं. इकडं आणे, तिकडं नवे पैसे. इकडं शेर, तिकडं किलो. गिऱ्हाईक म्हणायचं, तुम्ही फसवता. वडील म्हणायचे, बघ भिंतीवर. जुनी मापं त्यांनी वर्षभर शेजारी ठेवली होती. लोकांचा इस्वास बसल्यावर उचलली."

मी म्हटले, "अण्णा, मग तुमच्या वडिलांनी नवा काटा घरात येऊ दिला की नाही?"

ते हसले, पण उत्तर दिले नाही.

तेव्हा मी त्यांना त्यांच्याच गावावरून जाणाऱ्या रेल्वेची गोष्ट सांगितली. बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने बांधली. १८९७ मध्ये ती बार्शीला आली, १९११ मध्ये लातूरला पोचली. त्या काळी मोठ्या रेल्वेचे रूळ साडेपाच फूट रुंद. कॅलथ्रॉपने अडीच फूट रुंदीचे टाकले. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, असे डबे आणि इंजिने आखली. या भागात माल किती, गावे केवढी, भांडवल किती जमेल, हे आधी मोजले आणि मग रूळ ठरवले. म्हणून ती छोटी गाडी पाऊण शतकाहून अधिक काळ चालली. पुढे गरज वाढली. २००८ पर्यंत या मार्गावर रुंद रूळ पडले. गरज वाढली तेव्हा पडले, हे महत्त्वाचे. हे बोलत होतो वडिलांशी, पण ऐकत होता मुलगा. दीड लाखाच्या सामानाची यादी त्याच्या खिशात होती.

"त्या यादीतली प्रत्येक वस्तू कोणत्या अडचणीसाठी आहे, ते शेजारी लिही," मी म्हटले. आम्ही मास्तर लोक शेवटी समासात लिहायला लावणारच. त्याने लिहिले. पट्ट्या वाचणारी बंदूक: अडचण सापडेना, कारण दुकानातला निम्मा माल सुटा. चार कॅमेरे: एक पुरेल. बिल छापणारे यंत्र: मागणारी गिऱ्हाइके महिन्याला दहा. नवा संगणक: जुन्या फोनवरसुद्धा उधारीचे काम होते, हे त्याने स्वतःच कबूल केले. खाली राहिल्या दोन वस्तू, त्यांची किंमत कर्ज काढण्याजोगी नव्हती: विजेच्या चढउतारातून यंत्र वाचवणारी बॅटरीची पेटी, आणि हिशेबाची नक्कल ठेवायला एक बोटाएवढी साठवणकांडी.

संध्याकाळी मुलाने एक पुठ्ठा आणला. "सर, मशिनवर सगळं इंग्रजीत असतं. तुम्ही मराठीत लिहून द्या, गादीशेजारी लावू." इतक्या उशिरा का होईना, माझ्या पदवीचा उपयोग निघाला. मी लिहीत गेलो आणि दोघे मध्ये मध्ये भर घालत गेले.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. जो पिन मागतो तो पैसे न्यायला आला आहे. चित्र पाहू नये, आवाज ऐकावा, आणि शंका आली तर बँकेचे खाते उघडून पाहावे. फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, जितका उशीर तितके पैसे पुढे पळतात. दुकानाचे खाते आणि घराचे खाते वेगळे ठेवावे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का दरवर्षी करून घ्यावा; गिऱ्हाइकाची नजर आकड्यावर असते, तसा दुकानदाराचा हात शिक्क्यावर असावा. नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी सक्तीची नसते; म्हणून कोणी भीती घालून प्रोग्रॅम विकू लागला, तर आधी आपली उलाढाल मोजावी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते; तिचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

उधारीपाशी आलो तेव्हा बापलेक पुन्हा अडले. शेवटी ठरले ते असे. दिवसा उधारी फोनमध्ये मांडायची. गिऱ्हाइकाच्या फोनवर तिथल्या तिथे आकडा पाठवायचा. म्हणजे कोळशाच्या रेघेचे काम होते आणि दुसरी नोंद गिऱ्हाइकाच्याच घरी राहते. रात्री तीन आकडे जुळवायचे: रोख, ऑनलाइन आणि उधार. ते वहीत उतरायचे. आठवड्याला एक नक्कल त्या कांडीत घेऊन कांडी दुकानात न ठेवता घरी कपाटात ठेवायची. आणि महिन्यातून एकदा, ती नक्कल खरोखर उघडते का, हे उघडून पाहायचे. या शेवटच्या वाक्यावर मुलगा बराच वेळ गप्प होता. तीन वर्षांत त्याने तेवढेच केले नव्हते.

"रोज रात्री वही कोण लिहील?" मी विचारले.

"मी सांगतो, हा लिहील," अण्णा म्हणाले. "माझे डोळे गेले, हिशेब नाही गेला."

मुलाने मान वर केली. "लिहितो की अण्णा," तो म्हणाला. दोघांत त्या दिवशी गिऱ्हाइकाशिवाय झालेले हे पहिले बोलणे.

पुठ्ठा पुरा होत आला तशी अण्णांनी एक ओळ सांगितली: 'वीज गेली तरी दुकान उघडे राहावे.' मी ती सर्वांत वर लिहिली.

त्याच रात्री पहिला ताळा करून पाहायचे ठरले. फळ्या लावल्या. अण्णांनी रोख मोजली. वहीशी पै न पै जुळली. उधार जुळली. ऑनलाइन मात्र जुळेना. बँकेत वहीपेक्षा चाळीस रुपये जास्त. मुलगा म्हणाला, "जास्तच आहेत ना अण्णा, राहू द्या." अण्णांनी चष्मा सारखा केला. "जास्त म्हणजे कुणाचे तरी आहेत."

मग फोनवरची एकेक नोंद मुलगा वाचू लागला आणि अण्णा वहीत बोट फिरवू लागले. तेल, साखर, काडेपेट्या, पोहे. पावणेदहा वाजले. आतून जेवणाची हाक दोनदा येऊन गेली. मी भिंतीला टेकून गप्प बसलो होतो. गप्प बसायला मला कारण होते.

"सर," मुलगा एकदम थांबला, "हे तर तुमचं नाव."

बिस्किटांच्या दोन पुड्यांचे ते पैसे. अण्णा घेईनात म्हणून मी गर्दीत त्यांची पाठ वळल्यावर कागदासमोर फोन धरला होता. डबा बोललाही असणार. पण बाजाराच्या गलक्यात त्याचे ऐकायला कोणाला सवड नव्हती.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "लिही. सर, जमा, चाळीस." आणि गल्ल्यातून चार दहाच्या नोटा काढून त्यांनी माझ्या हातात कोंबल्या. "आता खाली लिही. सर, परत, रोख चाळीस. झाला का ताळा?"

"झाला," मुलगा म्हणाला, आणि त्याने वहीखाली रेघ ओढली.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. लक्ष्मीपूजनाला पाटावर नवी वही होती, तिच्याशेजारी काटा, आणि काट्याच्या पलीकडे हळदीकुंकू लावलेला तो बोलका डबा. पूजा चालू असताना कोणीतरी जुनी उधारी फेडायला पैसे पाठवले आणि डबा मध्येच ओरडला. अण्णा आरती थांबवून म्हणाले, "आधी वहीत लिही."

मुरुडला समुद्र नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितले. पण लातूरकडून बार्शीकडे जाताना वाटेत उतरलात, तर त्या दुकानात चहा अवश्य घ्या. पैसे द्यायचे असतील, तर अण्णांच्या समोर द्या.